हिपॅटायटिस बी ची लस: कोणी घ्यायची, कुठे घ्यायची, किती डोस, सगळं एका जागी

मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये काम करतो. रक्त द्यायला आलेली माणसं सुई काढून कापूस दाबत बसली की हमखास विचारतात, भाऊ ही बी वाली लस नेमकी कोणाला असते, सरकारीत भेटते का, तीनच डोस का, मधला एक राहिला तर परत पहिल्यापासून का. तोंडी सांगितलेलं घरी जाईपर्यंत निम्मं विसरलं जातं, म्हणून नवीन माणसाला कुठून सुरुवात करायची ते एकदा नीट लिहून काढतोय. ज्यांच्या घरी बाळ येणार आहे, ज्यांनी नुकतंच नर्सिंगला किंवा डीएमएलटीला (लॅबच्या कोर्सला) ॲडमिशन घेतलंय आणि ज्यांच्या घरात कोणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय त्यांनी तर पूर्ण वाचा.

आधी कोणती कावीळ ते बघा

आपल्याकडे डोळे पिवळे झाले की सगळ्याला कावीळच म्हणतात आणि मग गावातला माणूस गाठायचा, तो चुन्याच्या पाण्याने हात धुऊन देतो, पिवळं पाणी निघतं, गळ्यात माळ घालतो, आणि आठ-पंधरा दिवसात माणूस बरा झाला की औषध लागू पडलं. बऱ्याचदा ती हिपॅटायटिस ए किंवा ई प्रकारची असते, खराब पाण्यातून खाण्यातून झालेली, आणि बहुतेकांची ती आपोआपच उतरते. (गरोदर बाईला ई झाली तर मात्र जिवावर बेतू शकतं, तिथे एक दिवससुद्धा घालवू नका.)

बी चं तसं नाही. ती पाण्यातून होत नाही. ती रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होते. वापरलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, दुसऱ्याचा टूथब्रश, टॅटूची न बदललेली सुई, हे सगळे तिचे रस्ते. वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक ते सहा महिने लागतात आणि खूप जणांना लक्षणं दिसतच नाहीत, डोळे पिवळे होत नाहीत, भूक जात नाही, माणूस शेतात जातोय, पोरांच्या शाळेच्या फिया भरतोय, आणि आत लिव्हर खराब होत चाललंय. वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी होतं किंवा लिव्हरचा कॅन्सर निघतो तेव्हा कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात जवळपास ३ कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू होता आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही. म्हणून हात पिवळे निघतात का, माळ वाढते का याची वाट बघण्यासारखा हा आजार नाही, आणि एकदा अंगात कायमचा बसला की औषधाने दाबून ठेवता येतो पण मुळासकट सहसा जात नाही. लस मात्र आहे, चांगली आहे आणि स्वस्त आहे.

ती स्वस्त कशी झाली तेही सांगतो. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली, त्याआधी ती बाहेरून यायची आणि साध्या घराला परवडायची नाही. आता पुण्याच्या सीरमसकट आपल्याच कंपन्या बनवतात. लसीत विषाणू नसतो, त्याच्या वरच्या आवरणाचं फक्त एक प्रोटीन असतं, यीस्टमध्ये तयार केलेलं, त्यामुळे लस घेऊन कावीळ झाली असं होऊच शकत नाही.

घरात बाळ येणार असेल तर

हा भाग मी सगळ्यात मोठा लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मोठ्या निरोगी माणसाला बी ची लागण झाली तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांच्या अंगात ती कायमची राहते. तान्ह्या बाळाला आईकडून लागली तर शंभरातल्या नव्वदांच्या अंगात ती कायमची राहते. विषाणू तोच, फक्त वय वेगळं, आणि फरक एवढा.

सुरुवात गरोदरपणात. पहिल्या तीन महिन्यांत रक्ततपासणी होते तेव्हा एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) सोबत एचबीएसएजी, म्हणजे बी चा विषाणू अंगात आहे का ते सांगणारी टेस्ट, केलंय का ते कागदावर बघा. बघाच. नसेल तर सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगा, ताई एचबीएसएजी राहिलंय. साधी टेस्ट आहे, सरकारी दवाखान्यात मोफत होते.

निगेटिव्ह आलं तरी बाळाची लस चुकवायची नाही. पॉझिटिव्ह आलं तर घाबरायचं नाही पण वेळ घालवायचा नाही. रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी होते, त्याला व्हायरल लोड म्हणतात, तो जास्त असला तर साधारण सातव्या महिन्यापासून आईला टेनोफोविर नावाची गोळी सुरू करतात, म्हणजे बाळाला लागायचा धोका आणखी कमी. आणि बाळाला जन्मल्यावर लसीसोबत अजून एक इंजेक्शन लागतं, इम्युनोग्लोब्युलिन, बोलताना एचबीआयजी म्हणतात. लस बाळाच्या शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला शिकवते पण त्याला वेळ लागतो, एचबीआयजी तयार संरक्षण लगेच देतं. ते होता होईल तेवढं लवकर, शक्यतो १२ तासांच्या आत, लस एका मांडीला आणि हे दुसऱ्या मांडीला. आता गोष्ट अशी की एचबीआयजी प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात फ्रिजमध्ये पडलेलं नसतं. रात्री दोनला बाळ झाल्यावर नवऱ्याने मोटारसायकल घेऊन मेडिकल शोधत फिरायचं हे होता कामा नये. आठव्या महिन्यातच विचारून ठेवा, बाळंतपण कुठे होणार, तिथे हे इंजेक्शन मिळेल का, नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबारचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचं का, आणि ते फाईलवर लिहून घ्या.

बाळ जन्मलं की पहिल्या २४ तासात बर्थ डोस. बीसीजी आणि पोलिओच्या झिरो डोससोबतच देतात, पण त्या दोघांना थोडा उशीर चालतो, याला २४ तासांच्या पुढे चालत नाही. डोस अर्धा एमएल, मांडीच्या पुढच्या बाहेरच्या बाजूला. इथे घरातली मोठी माणसं मध्ये येतात. आजी म्हणतात, "इतलासा पोऱ्याले सुई कसाले टोचतस?" आजींची माया खरी आहे, त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं एवढंच. त्यांना सांगा की बाळंतपणात आईच्या रक्ताशी बाळाचा संबंध येतो, काही शिरलं असेल तर त्याला तिथेच अडवायला एकच दिवस हातात असतो. एवढं सांगितल्यावर नाही म्हणणारी आजी मला तरी अजून भेटली नाही. वजन कमी आहे, सिझर झालंय, बाळ काचेत ठेवलंय, अशा वेळी पण आपण आपल्या मनाने नको म्हणायचं नाही, डॉक्टरांना सरळ विचारायचं की बर्थ डोस कधी देताय.

प्रायव्हेटमध्ये डिलिव्हरी झाली तर डिस्चार्जच्या आधी कागद बघा. हिपॅटायटिस बी समोर तारीख आणि वेळ लिहिलेली पाहिजे. नुसतं "लस दिली" असं लिहिलेलं चालवून घेऊ नका, कोणती दिली ते लिहून मागा.

घरीच बाळंतपण झालं असेल, धडगाव अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर अजून होतात, तर आशाताईला लगेच निरोप द्या. नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीतून दवाखाना येतो, पण त्याची वाट बघत बसलं तर २४ तास निघून जातात, म्हणून शक्यतो बाळंतपणच दवाखान्यात करा. जायला रस्ता लांब असेल तर आधीच दोन दिवस येऊन राहा.

त्यानंतरचे डोस वेगळे द्यावे लागत नाहीत, पेंटाव्हॅलंटमध्येच असतात. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. पेंटा म्हणजे पाच, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (लहान मुलांना न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू). उपकेंद्रात, पीएचसीत, अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी मोफत. रात्री थोडा ताप येतो, बाळ किरकिर करतं, सिस्टरने सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल द्या, जागा चोळू नका आणि त्यावर हळद चुना काही लावू नका.

आता आपल्याकडचा मोठा प्रश्न. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कोणी बारडोली सुरतकडे ऊसतोडीला, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, आणि दीड महिन्याचं बाळ सोबत असतं. पेंटा भारतात कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते, गुजरातमध्येपण, आधार नाही म्हणून, गाव इथलं नाही म्हणून कोणी परत पाठवायला नको. फक्त माता बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आणि मोबाईलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आणि आईच्या भावाच्याही. कार्ड हरवलं तर फोटो कामाला येतो. यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) नोंद झाली असेल तर तिथूनही निघतं. एखादा डोस राहिला तर परत पहिल्यापासून नाही, राहिला तिथून पुढे. पण पेंटाचा पहिला डोस बाळ वर्षाचं व्हायच्या आत पडलाच पाहिजे, तेवढा पडला की उरलेले वर्षानंतरही पूर्ण करून देतात.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळ ९ ते १२ महिन्यांचं झाल्यावर त्याची रक्ततपासणी करायची, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (संरक्षण तयार झालं का ते सांगणारी) दोन्ही. त्याआधी करू नका, घोळ होतो. आणि आईने दूध पाजायचं का तर हो, पाजायचं. दुधातून हे होत नाही. मी मुद्दाम लिहितोय कारण पॉझिटिव्ह रिपोर्ट आला म्हणून बाळाला बाटली लावलेली घरं आहेत आणि त्या आईचे हाल बघवत नाहीत.

मोठ्यांनी कोणी घ्यावी

लहानपणी लस न झालेल्या कोणीही घेतली तरी चांगलंच. देशभर सगळ्या बाळांना ही लस मिळायला लागली ती २०११ पासून, म्हणजे आज जे विशीच्या पुढचे आहेत त्यातल्या बहुतेकांना लहानपणी ही मिळालेली नाही. पण काही जणांनी टाळायचीच नाही.

दवाखान्यात, लॅबमध्ये, मेडिकलच्या मागे इंजेक्शनच्या कामात असलेले सगळे. डॉक्टर नर्स तर आहेतच, पण वॉर्डबॉय, मावशी, कचरा उचलणारे दादा यांना सुई लागायचा धोका कमी नाही, उलट कचऱ्याच्या पिशवीत टोपण न लावलेली सुई त्यांच्याच हाताला लागते. सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्यांना ही लस मोफत द्यायची सोय आहे, आपल्या अधिकाऱ्यांना विचारा.

घरात कोणी पॉझिटिव्ह असेल तर नवरा-बायको, आई-बाप, मुलं, सगळ्यांनी. डायलिसिसवाले. वारंवार रक्त चढवावं लागणारे, आणि इथे नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या आणि थॅलेसेमियाच्या मुलांच्या आई-वडिलांना खास सांगतो, रक्तपेढीत रक्त तपासूनच देतात तरी लस झालेलीच पाहिजे. शुगरवाले, एचआयव्ही असलेले, लिव्हरचा दुसरा काही आजार असलेले. केशकर्तनालयात काम करणारे भाऊ. गरोदर बाईला धोका असेल तर तिलाही देता येते, ही लस जिवंत विषाणूची नाही.

आणि ज्यांनी टॅटू काढलाय किंवा काढणार आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत मशीनवर गोंदून देणारे बसलेले असतात, रांग लागते, पोरं हौसेने हातावर नाव काढून घेतात. माझं एवढंच म्हणणं, सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे आणि शाईची वाटीपण वेगळी पाहिजे, नसेल तर उठून चालायला लागा. तसंच जावळाचं. धुळ्याला एकवीरेला जावळ काढतात तेव्हा एकामागे एक डोकी होतात, बाळाच्या डोक्याला जरा कुठे कापलं की रक्त येतंच, घरून नवीन ब्लेड घेऊन जा आणि तेच लावायला सांगा. मान दिला म्हणून कोणी नाही म्हणत नाही.

वापरलेल्या सुईने काय होतं ते आपल्या शेजारीच झालेलं आहे. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली, कारण निघालं सुया सिरिंज परत परत वापरणं, आणि कित्येक जीव गेले. त्यामुळे ताप आला की सुई मारा म्हणण्याआधी गोळीने भागतं का ते विचारा, आणि सुई लागणारच असेल तर नवीन सिरिंज डोळ्यासमोर फोडायला सांगा.

आधी टेस्ट की आधी लस

घरात पॉझिटिव्ह कोणी असेल, आधी कधी रक्त चढवलं असेल, किंवा आरोग्याच्या कामात बरेच दिवस आहात, तर आधी एचबीएसएजी करून घ्या. डॉक्टर म्हणाले तर सोबत अँटी-एचबीसी (आधी कधी लागण झाली होती का ते सांगणारी) पण. कारण आजार आधीच अंगात असेल तर लस नुकसान करत नाही पण उपयोगही होत नाही, आणि आपण लस झाली म्हणून निश्चिंत राहतो. बाकीच्यांनी टेस्टसाठी अडून बसू नका.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. लस घेतल्यावर साधारण अठरा दिवसांपर्यंत एचबीएसएजी टेस्ट उगाच पॉझिटिव्ह दिसू शकते, कारण लसीतलं प्रोटीन आणि टेस्ट शोधते ते प्रोटीन एकच. नर्सिंगची एक पोरगी रडत आली होती, कॉलेजने मेडिकल फिटनेस मागितला म्हणून सोमवारी लस घेतली आणि त्याच आठवड्यात टेस्ट केली. महिन्याने परत केली, निगेटिव्ह. तेव्हा टेस्ट करायचीच असेल तर लसीच्या आधी करा, नाहीतर मग महिनाभर थांबा.

लस घेताना काय बघायचं

मोठ्यांसाठी डोस १ एमएल म्हणजे २० मायक्रोग्रॅम, लहान मुलांना अर्धा एमएल म्हणजे १० मायक्रोग्रॅम. लहान-मोठ्याची वयाची रेघ कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे असते म्हणून मेडिकलवर वय सांगूनच मागा. डायलिसिसच्या पेशंटला डबल डोस म्हणजे ४० मायक्रोग्रॅम आणि तीनऐवजी चार वेळा लागतो, ते त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवा.

आता ऊन. मे महिन्यात भुसावळ जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सगळ्यांना भीती लसीला ऊन लागायची. उन्हात ठेवायची नाहीच, २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे. पण ही लस उन्हापेक्षा गोठल्याने जास्त लवकर बाद होते. मेडिकलवाल्याकडून कुपी घेतली, घाईने बर्फाच्या खड्यांच्या पिशवीत खुपसली किंवा घरी फ्रीजरमध्ये ठेवली, झालं, बाद. वरवर बघायला तशीच दिसते, टोचली तर दुखतेपण तशीच, फक्त काम करत नाही. म्हणून सगळ्यात सोपं, जिथे टोचणार तिथेच मागवा, म्हणजे डॉक्टरांच्याच फ्रिजमधली किंवा दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलची. न्यायचीच वेळ आली तर थर्मासमध्ये गार पाण्याची बाटली ठेवून, कुपी पेपरमध्ये गुंडाळून, बर्फाला न टेकवता, आणि वाटेत चहाला न थांबता. फ्रिजमध्ये ठेवायची तर मधल्या कप्प्यात, दारात नको आणि फ्रीजरच्या खाली चिकटून नको.

कुपी हातात घेऊन बघा. चांगली लस दुधाळ पांढरी असते, उभी ठेवली की तळाला पांढरा थर बसतो आणि वर पाण्यासारखं दिसतं, हलवली की परत एकसारखी होते. गोठून वितळलेली असेल तर हलवल्यावरही कण कण तरंगतात आणि गाळ झपकन खाली बसतो. ती घ्यायची नाही. सरकारी कुपीवर एक गोल खूण असते, गोलाच्या आत चौकोन, चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर बाद. दहा डोसची मोठी कुपी असेल तर तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली पाहिजे, नीट ठेवलेली असेल तर २८ दिवसांपर्यंत चालते. सिस्टरला विचारलं तर त्या दाखवतात, राग मानत नाहीत.

मोठ्यांना इंजेक्शन दंडाला, खांद्याच्या खाली जो गोल स्नायू आहे त्यात. कमरेखाली घ्यायचं नाही. आपल्याकडे सुई म्हटलं की कुल्ला पुढे करायची सवय आहे पण तिथे चरबी जास्त, लस स्नायूपर्यंत पोचत नाही आणि संरक्षण कमी तयार होतं. कोणी तिथे मारायला निघालं तर दंड पुढे करा. सरकारी लसीकरणात जी सिरिंज वापरतात ती एकदा पूर्ण दाबली की तिचा दांडा आतच अडकतो, परत ओढला जात नाही, हे बघायचं असेल तर तेही बघा, मनाला बरं वाटतं.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. दंड दुखतो, कोणाला अंग मोडून येतं, बारीक ताप येतो, दोन दिवसात जातं. गंभीर ॲलर्जी दहा लाखात एखाद्याला, आणि ती येते ती लगेचच येते, म्हणून तो अर्धा तास. यीस्टची किंवा आधीच्या डोसची मोठी ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. खूप ताप असेल त्या दिवशी नको, साधी सर्दी चालते.

तारखा कशा लक्षात ठेवायच्या

मोठ्यांचे तीन डोस. आज पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पहिला सगळे घेतात, दुसरा बरेच घेतात, तिसरा विसरतात, आणि जास्त दिवस टिकणारं संरक्षण देतो तो तिसराच.

मी लोकांना सणाने सांगतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पहिला घ्या, पोरी माहेरी आलेल्या असतात, पुण्या-सुरतेची पोरं गावी असतात, सगळं घर एका दिवशी होऊन जातं. दुसरा महिन्याने, जिथे असाल तिथे, कार्ड दाखवलं की कोणताही डॉक्टर देतो, कंपनी वेगळी असली तरी चालते. तिसरा दिवाळी आटोपल्यावर, परत सगळे गावी असतात तेव्हा, फक्त सहा महिने भरले का ते एकदा मोजून बघा. ज्यांना तारीख आवडते त्यांनी पहिल्या डोसच्या दिवशीच मोबाईलमध्ये दोन अलार्म लावा.

घाई असेल, म्हणजे बाहेर जायचंय किंवा ड्युटी लगेच सुरू होणार आहे, तर आज, महिना, दोन महिने आणि मग वर्षाने चौथा असाही कोर्स असतो. डॉक्टरांना विचारून ठरवा.

उशीर झाला तर? काही बिघडलं नाही. दोन वर्षांपूर्वी दोन घेतले आणि तिसरा राहिला, तर आज तिसरा घ्या आणि संपलं. परत पहिल्यापासून सुरू करायला कोणी सांगत असेल तर गरज नाही. मात्र लवकर घेऊन टाकू म्हणून अंतर कमी करायचं नाही, पहिल्या-दुसऱ्यात निदान ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात निदान ८ आठवडे आणि पहिल्या-तिसऱ्यात निदान १६ आठवडे पाहिजेतच.

टायटर करायचं का

टायटर म्हणजे लसीने रक्तात किती संरक्षण तयार झालं ते मोजणारी टेस्ट. साध्या निरोगी माणसाला तिची गरज नाही आणि बूस्टरचीही नाही, पूर्ण कोर्स झाला की संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. आरोग्य कर्मचारी, डायलिसिसवाले, एचआयव्ही असलेले आणि पॉझिटिव्ह माणसाचा जोडीदार यांनी मात्र शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करावं. १० किंवा जास्त आलं तर झालं. दहाच्या खाली आलं तर तीन डोसांचा कोर्स परत एकदा आणि परत टायटर. दुसऱ्यांदाही नाही आलं तर आपण लसीला प्रतिसाद न देणारे, असे थोडे लोक असतातच, त्यांनी फाईलवर तसं लिहून ठेवायचं म्हणजे उद्या सुई लागली तर डॉक्टर लगेच एचबीआयजी देतील.

सुई लागली, रक्त उडालं तर

साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट दाबून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका. ज्या पेशंटची सुई होती त्याचं नाव वॉर्ड लिहून ठेवा आणि त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा, ओरडा बसेल म्हणून लपवू नका. पेशंट पॉझिटिव्ह असेल आणि आपली लस झालेली नसेल तर शंभरात ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते, ही छोटी गोष्ट नाही. लस झालेली नसेल तर पहिला डोस आणि एचबीआयजी, शक्यतो २४ तासात. उशिरात उशिरा सात दिवसांपर्यंत देतात पण तितकं थांबायचंच कशाला. टायटर चांगलं आलेलं असेल तर बी साठी काही लागत नाही, पण एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी साठी डॉक्टरांना तरीही दाखवा, ही लस त्या दोघांना अडवत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

लस आता उपयोगाची नाही पण औषध आहे. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत, मेडिकल कॉलेजला किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन हिपॅटायटिसचं केंद्र कुठे ते विचारा. सगळ्यांना लगेच गोळ्या लागत नाहीत, कोणाला सुरू करायच्या ते लिव्हरच्या तपासण्या आणि व्हायरल लोड बघून ठरवतात, पण दर सहा महिन्यांनी दाखवत राहावं लागतं. सुरू झालेली गोळी मनाने बंद करायची नाही, आजार उसळतो. दारू पूर्ण बंद. कोणाच्या सांगण्यावरून झाडपाल्याचा काढा घेऊ नका, काही काढ्यांनी लिव्हर अजून बिघडतं.

आणि त्या माणसाचं ताट वेगळं करू नका, अंथरूण वेगळं करू नका. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका घरात राहिल्याने हे होत नाही. फक्त ब्लेड, ब्रश, नेलकटर ज्याचं त्याचं वेगळं, जखम झाकून, सांडलेलं रक्त ब्लीचिंगच्या पाण्याने पुसायचं, आणि घरातल्या बाकी सगळ्यांची त्याच आठवड्यात एचबीएसएजी टेस्ट. जे निगेटिव्ह येतील त्यांचा पहिला डोस त्याच दिवशी घेऊन टाका, आणि बायकोचा कोर्स आणि टायटर पूर्ण होईपर्यंत निरोध वापरा.